पुण्याहून कोपनहेगन : एकाच शहराचा, खिशाला झेपणारा प्रवास

युरोपचा विषय घरात निघाला की दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला कुणीतरी म्हणतंच, "एवढं जातोच आहोत, तर शेजारचे दोन देशही उरकून येऊ." खर्च वाढायला सुरुवात होते ती या वाक्यापासून. तीन शहरं म्हणजे तीन हॉटेलं, मधली दोन तिकिटं, दर दुसऱ्या दिवशी सामान बांधणं आणि घाईमुळे बाहेरचं महाग जेवण. स्कॅन्डिनेव्हियासारख्या महाग भागात हे सगळं दुपटीने जाणवतं. म्हणून मी इथे एकाच शहराचा, सहा रात्रींचा बेत मांडते आहे. शहर कोपनहेगन, निघायचं ठिकाण पुणे. मी, नवरा आणि सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई असे आम्ही तिघं गेलो होतो, त्यामुळे काही गोष्टी वयस्कर माणूस बरोबर असताना काय करावं या अंगानेही येतील.

कोपनहेगनच का? स्टॉकहोम आणि ऑस्लो ही शहरंही सुंदर आहेत. पण स्टॉकहोमचा आर्लांडा विमानतळ शहरापासून सुमारे ४० किलोमीटर आणि ऑस्लोचा गार्डरमोएन त्याहूनही लांब. तिथल्या वेगवान विमानतळ-गाड्या महाग आहेत आणि स्वस्त पर्याय शोधून काढावे लागतात. कोपनहेगनचा कास्त्रुप विमानतळ शहरापासून जेमतेम आठ किलोमीटरवर आहे. साधी मेट्रो तुम्हाला पंधरा मिनिटांत मध्यवर्ती भागात सोडते, तीही दिवसरात्र. विमानतळाचा म्हणून वेगळा अधिभार नाही. तिघांच्या जाण्या-येण्याचा हिशेब केला की हा फरक चांगलाच कळतो.

आधी तारखा, मग तिकीट

मे महिन्याची सुट्टी, दिवाळी आणि नाताळ या तीन वेळा मुंबईहून युरोपला जाणारी तिकिटं चढलेली असतात. जून ते ऑगस्ट कोपनहेगनमधली हॉटेलंही महाग. मला सर्वांत आवडणारा काळ म्हणजे गणपती उठल्यावर ते दिवाळीच्या आधीपर्यंतचे आठवडे. पितृपक्षात नवं काही करू नये असं मानणारी घरं आहेत, आमचंही आहे. आम्ही तिकीट आणि व्हिसा आधीच उरकला आणि प्रवास मात्र त्या दिवसांत केला. सासूबाईंची त्याला हरकत नव्हती. तेव्हा तिथे झाडांची पानं पिवळी व्हायला लागतात, दुपारी पारा साधारण १४-१५ अंशांवर असतो आणि उजेड अजून पुरेसा असतो. दुसरा चांगला काळ म्हणजे एप्रिलचा उत्तरार्ध, मात्र ईस्टरचे दिवस टाळून, कारण त्या सुट्ट्यांत दुकानं बंद असतात.

जानेवारी-फेब्रुवारीत तिकिटं बरीच उतरतात. पण कोपनहेगन जवळजवळ ५६ अक्षांशावर आहे. डिसेंबरात तिथे दिवस सात तासांचा, तर जूनमध्ये साडेसतरा तासांचा. पहिल्यांदा जाणाऱ्याने केवळ तिकीट स्वस्त आहे म्हणून अंधाऱ्या महिन्यात जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. दुपारी साडेतीनला मावळणारा सूर्य आणि बोचरा वारा यांत फिरणं होत नाही. माणूस कुठेतरी आत जाऊन बसतो आणि आत बसायचे पैसे पडतात.

एक बारकावा लक्षात असू द्या. मुलांना तिवोली ही १८४३ साली सुरू झालेली बाग दाखवायची असेल, तर ती वर्षभर उघडी नसते. सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत ती साधारण बंद असते आणि नंतर पुन्हा उघडते. तारखा दर वर्षी बदलतात, म्हणून तिकीट काढण्याआधी त्यांच्या वेबसाइटवर पाहून घ्या.

तिकीट : हिशेब घराच्या दारापासून करा

पुण्याच्या लोहगाव विमानतळाहून युरोपला थेट विमान नाही. तुमच्यापुढे मुख्यतः दोन वाटा आहेत. पहिली, रस्त्याने मुंबई गाठून तिथून आखाती देशातल्या एखाद्या शहरामार्गे, इस्तंबूलमार्गे किंवा फ्रँकफर्ट, झुरिक, ॲम्स्टरडॅमसारख्या ठिकाणाहून कोपनहेगन. दुसरी, लोहगावहून दिल्लीचं विमान आणि तिथून पुढे, सगळं एकाच तिकिटावर. मुंबई-कोपनहेगन थेट सेवाही ऑक्टोबर २०२५मध्ये इंडिगोने सुरू केली होती. पण अशा थेट सेवा सुरू होतात, थांबतात, त्यांचे दिवसही बदलतात. तुमच्या तारखांना काय चालू आहे ते शोधतानाच कळेल.

शोधायला गूगल फ्लाइट्स किंवा स्कायस्कॅनरवर महिन्याचं कॅलेंडर उघडा. एक तारीख टाकून शोधू नका; पूर्ण महिना डोळ्यांसमोर आणा आणि मंगळवार-बुधवारचे दर शुक्रवार-शनिवारशी ताडून बघा. तिकिटाचा भाव बदलला की कळवणारा इशारा (प्राइस अलर्ट) लावून ठेवा आणि दोन-तीन आठवडे नुसतं पाहत राहा. तुमच्या तारखांचा "नेहमीचा" भाव कोणता, हे समजल्याशिवाय स्वस्त काय ते कळत नाही. विमान सापडलं की खरेदी शक्यतो विमान कंपनीच्याच वेबसाइटवर करा. मधल्या विक्रेत्याकडे हजार-दोन हजार कमी दिसतात, पण वेळ बदलली किंवा तिकीट रद्द झालं की कंपनी विक्रेत्याकडे आणि विक्रेता कंपनीकडे बोट दाखवतो.

आता खरा हिशेब. आकडे फक्त पद्धत समजावी म्हणून घेतले आहेत, तुम्ही तुमचे घाला. समजा मुंबईहून परतीचं तिकीट माणशी ५२,००० आहे आणि पुण्याहून दिल्लीमार्गे ५८,०००. सहा हजारांचा फरक बघून मन मुंबईकडे धावतं. पण मुंबई विमानतळापर्यंत आणि परत, अख्खी गाडी केली तर समजा ८,००० लागले, आणि लोहगावला रिक्षा-टॅक्सीचे १,०००. तर एकट्या माणसाला मुंबईमार्गे ६०,००० पडतात आणि पुण्याहून ५९,०००. पुणं स्वस्त! तेच तिघं असतील तर मुंबईमार्गे १,६४,००० आणि पुण्याहून १,७५,०००, म्हणजे मुंबई फायद्याची. एकट्यानेही शेअर टॅक्सी किंवा शिवनेरी धरली तर पारडं पुन्हा मुंबईकडे झुकतं. सांगायचं एवढंच की तिकिटाच्या किमतीशेजारी गाडीभाडं, टोल, रात्रीचं जेवण आणि गरज पडली तर मुंबईतला मुक्काम, हे सगळं एका कागदावर लिहा.

हे मी शिकले ते नुकसान सोसून. एका आधीच्या प्रवासात माणशी दीड हजार कमी म्हणून मी परतीचं असं विमान घेतलं की जे मुंबईत रात्री दीडला उतरलं. सामान घेऊन बाहेर येईतो अडीच वाजले. शिवनेरी सकाळी, शेअर गाडी भरायला वेळ, आणि सासूबाईंना बसवत नव्हतं. शेवटी अख्खी टॅक्सी करावी लागली. वाचलेले पैसे तर गेलेच, वर आणखी गेले. तेव्हापासून मी परतीचं विमान मुंबईत पहाटे पाच ते दुपारपर्यंत उतरणारंच पाहते.

जाण्याच्या तारखेतही एक मोठी चूक होते. मुंबईहून बरीच विमानं मध्यरात्रीनंतर दोन ते पाचच्या दरम्यान सुटतात. तिकिटावर १४ तारीख, ०२:३० असं लिहिलेलं असेल तर तुम्हाला १३ तारखेच्या संध्याकाळी पुण्याहून निघायचं आहे. कितीतरी जण १४ला दुपारी बॅग भरायला घेतात. गाडीवाल्याला सांगताना, रजेचा अर्ज लिहिताना आणि हॉटेलची पहिली रात्र ठरवताना ही तारीख बोटावर मोजून घ्या. द्रुतगती मार्गावर बोरघाटात गाड्या तुंबल्या की तासचे तास जातात, विशेषतः शुक्रवारी आणि रविवारी. विमानाच्या किमान आठ तास आधी कोथरूडचं घर सोडायचं, हा आमचा नेम आहे. विमानतळावर बसून कंटाळा आला तरी चालतो.

शिवाय आता नवी मुंबईचाही विमानतळ सुरू झाला आहे. तिकिटावर नुसतं "मुंबई" वाचून थांबू नका. बीओएम म्हणजे सहारचा जुना विमानतळ, एनएमआय म्हणजे नवी मुंबई. पुण्याहून येणाऱ्याला नवी मुंबई जवळ पडते, पण एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून पुढचं विमान धरायची वेळ आली तर भर शहरातून सामान ओढत जावं लागेल.

सुटी सुटी तिकिटं जोडायचा मोह पुष्कळांना होतो: आधी मिलानला स्वस्तात जाऊ, तिथून कमी भाड्याच्या विमानाने कोपनहेगन. जमतं, पण दोन तिकिटांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरं बुडालं, आणि त्याचे पैसे कुणी देत नाही. सामान मधे उतरवून घ्यायचं, पुन्हा द्यायचं. स्वस्त कंपन्या बॅगेचे वेगळे पैसे घेतात. तरुण माणूस, पाठीवर एकच सॅक आणि मधे एक रात्र थांबायची तयारी असेल तर जरूर करा. घरच्यांना घेऊन जाताना एकाच तिकिटावर सगळा प्रवास असू द्या.

मधला थांबा निवडताना आणखी एक विचार करा. फ्रँकफर्ट किंवा झुरिकमार्गे गेलात तर शेंगेन क्षेत्रात (एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) प्रवेशाची तपासणी तिथेच होते. ऑक्टोबर २०२५पासून युरोपने नवी नोंदणी पद्धत आणायला सुरुवात केली आहे. तीत पहिल्या प्रवेशाच्या वेळी चेहऱ्याचा फोटो घेतात, बोटांचे ठसे तपासतात, आणि रांग लांबू शकते. तिथे एक-सव्वा तासाचा थांबा असेल तर पुढचं विमान चुकण्याची भीती. दुबई, दोहा किंवा इस्तंबूलमार्गे गेल्यास ही तपासणी थेट कोपनहेगनला होते. पुढे गाठायचं विमान नसल्याने रांग कितीही असो, जीव टांगणीला लागत नाही. लंडनमार्गे स्वस्त तिकीट दिसलं तर मात्र थांबा: ब्रिटन शेंगेनमध्ये नाही, आणि भारतीय पासपोर्टवर तिथे नुसतं विमान बदलायलाही वेगळी परवानगी लागू शकते.

तिकिटावरच्या नावाबद्दल. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे असतं आणि पासपोर्टवर ते पहिल्या नावाबरोबर, "दिलेलं नाव" या रकान्यात छापलेलं असतं. तिकिटावर पासपोर्टात जसं आहे तसंच लिहा. लग्नानंतर बँकेत नवं नाव आणि पासपोर्टवर जुनं, अशी स्थिती असेल तर व्हिसाच्या अर्जाला विवाह नोंदणी प्रमाणपत्र जोडा. आणि सर्वांत कमी भाड्यात बॅग धरलेली आहे का, हे पैसे भरण्याआधी वाचा. काही कंपन्यांच्या सर्वांत हलक्या दरात फक्त हातातली बॅग चालते.

व्हिसा : घाई करू नका, उशीरही करू नका

डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे, फिनलंड आणि आइसलंड हे पाचही देश शेंगेनमध्ये आहेत, त्यामुळे एकच व्हिसा पुरतो. अर्ज त्या देशाकडे करायचा जिथे तुमचा मुक्काम सर्वांत जास्त आहे. दोन देशांत सारखेच दिवस असतील तर जिथे आधी पाऊल ठेवणार त्याच्याकडे. एकाच शहराच्या बेताचा इथेही फायदा होतो, कारण अर्ज सरळ आणि हेतू स्वच्छ दिसतो.

प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि निदान १५ दिवस आधी तो जायलाच हवा. निर्णयाला साधारण १५ दिवस, पण कधी कधी ४५ दिवसांपर्यंत लागतात. अपॉइंटमेंट मिळायलाच वेळ जातो, म्हणून मी अडीच ते तीन महिने आधी अर्ज देते. डेन्मार्कसाठी कागदपत्रं स्वीकारणारं केंद्र तेव्हा पुण्यातच मिळतंय की मुंबईला जावं लागेल, हे व्हिसाचे अर्ज स्वीकारणाऱ्या व्हीएफएस कंपनीच्या वेबसाइटवर पाहा. मुंबईची खेप पडली तर तोही खर्च त्या कागदावर लिहा.

शुल्क मोठ्यांना ९० युरो आणि ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५ युरो; जून २०२४पासून हे दर लागू आहेत. केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. व्हिसा नाकारला तरी हे पैसे परत मिळत नाहीत. केंद्रात एसएमएस, कुरिअर, बसायला खास जागा (लाउंज) अशा जादा सेवा विचारतात; त्या ऐच्छिक असतात आणि नको म्हटलं तरी अर्जावर परिणाम होत नाही.

पासपोर्ट गेल्या दहा वर्षांतला हवा, परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने वैध हवा आणि त्यात दोन कोरी पानं हवीत. नूतनीकरण बाकी असेल तर ते आधी करून घ्या. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. ज्येष्ठांसाठी घेताना नुसती रक्कम पाहू नका, आधीपासूनच्या आजारांबद्दल काय लिहिलं आहे ते नीट वाचा. सासूबाईंच्या रक्तदाबाचा उल्लेख मी स्वतःहून केला होता आणि हप्ता थोडा वाढला, पण मनाला स्वस्थता राहिली.

बाकी कागद नेहमीचे: बँकेचं विवरण, आयकर विवरणपत्रं, पगारपत्रकं, कार्यालयाचं रजेचं पत्र, हॉटेलचं आरक्षण, विमानाचं आरक्षण. खात्यात अर्जाच्या आदल्या आठवड्यात एकदम मोठी रक्कम टाकू नका. तीन महिन्यांचा साधा, सरळ व्यवहार जास्त बोलका असतो. सोबत एक पानभर पत्र जोडा: कोण जातंय, किती दिवस, खर्च कोण करतंय, परत का येणार. कोणत्याही दिवसाचा बेत मोकळा ठेवू नका. "कोपनहेगन, राउंड टॉवर आणि रोझेनबोर्ग बाग" एवढी एक ओळही पुरते.

विमानाचं पैसे परत न मिळणारं तिकीट व्हिसाआधी काढायचं का, हा सगळ्यांचा प्रश्न असतो. मी आधी आरक्षण ठेवते आणि व्हिसा हातात आल्यावर पैसे भरते, किंवा थोडे जास्त देऊन रद्द करता येणारं तिकीट घेते. तो जादा खर्च मला वाया गेल्यासारखा वाटत नाही. हॉटेलही विनाशुल्क रद्द होणारं.

ज्यांनी गेल्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसे घेऊन नीट वापरले आहेत, त्यांच्यासाठी एप्रिल २०२४मध्ये युरोपीय आयोगाने भारतीयांना दोन वर्षांचा, अनेकदा ये-जा करता येणारा व्हिसा देण्याचा नियम केला आहे. म्हणून नियमात राहून केलेला प्रत्येक छोटा प्रवास पुढच्या वेळचा खर्च आणि कटकट कमी करतो.

राहायचं कुठे

स्वस्त हॉटेल शोधताना शहराबाहेर जाऊ नका, मेट्रोच्या रेषेवर राहा. आमागर आणि ओरेस्टाद या भागांत दर बरेचदा मध्यापेक्षा कमी असतात आणि मेट्रो शहरात लवकर पोचवते. मुख्य स्थानकामागचा वेस्टरब्रो भाग सोयीचा, नोरेब्रो खाण्यासाठी उत्तम. कॅबिन ही तिथली हॉटेलसाखळी जहाजातल्या खोल्यांसारख्या चिमुकल्या खोल्या देते. स्वच्छ, पण दोन मोठ्या बॅगा उघडायला जागा नाही. दानहोस्टेलसारख्या वसतिगृहांत कुटुंबासाठी स्वतंत्र खोल्याही मिळतात. तिथे चादरी-टॉवेलचे पैसे वेगळे असू शकतात, ते विचारून घ्या.

आम्ही स्वयंपाकघर असलेली खोली घेतली. रात्रीचं भाडं थोडं जास्त होतं, पण खोलीतच रांधल्याने सहा रात्रींचं ते जादा भाडं दोन दिवसांतच भरून निघालं.

पुलापलीकडे स्वीडनमधल्या माल्मोला राहिलं तर स्वस्त पडतं, असं बरेच जण सांगतात. खोली स्वस्त मिळतेही. पण रोज चाळीस मिनिटांची गाडी, दोघा-तिघांची तिकिटं आणि स्वीडनमध्ये शिरताना होणारी ओळखपत्राची तपासणी मोजली की बचत उरत नाही. माल्मो एका दिवसाच्या फेरीसाठी ठेवा.

पैसे आणि महागाई

डेन्मार्कमध्ये युरो नाही, डॅनिश क्रोन (अनेकवचन क्रोनर) चालतो. तो युरोला बांधलेला आहे: एक युरो म्हणजे जवळपास ७.४६ क्रोनर, आणि यात फारसा फरक पडत नाही. त्यामुळे युरोचा भाव साडेसातने भागला की क्रोनची किंमत हाताशी. युरो १०० रुपये असेल तर क्रोन सव्वातेरा-साडेतेरा. साधी कॉफी ४० क्रोनरच्या आसपास म्हणजे ती पाचशे रुपयांच्या वर जाते. जवळजवळ प्रत्येक वस्तूच्या किमतीत २५ टक्के मूल्यवर्धित कर धरलेला असतो, अगदी पावातही. टिप देण्याची पद्धत नाही, ती किमतीतच आलेली आहे.

नोटा जवळपास लागतच नाहीत, कार्ड सगळीकडे चालतं. भारतातून नेलेल्या फॉरेक्स कार्डावर डॅनिश क्रोन भरता येतो का ते बँकेला विचारा. फक्त युरो भरले तर प्रत्येक खरेदीला रूपांतर शुल्क लागू शकतं. परकीय चलनावर जादा शुल्क न घेणारं एखादं क्रेडिट कार्ड जवळ असेल तर तेही न्या. आणि यंत्राने "रुपयांत की क्रोनरमध्ये?" असं विचारलं तर प्रत्येक वेळी क्रोनर. रुपये निवडले की दुकानदाराकडच्या यंत्राचा महाग दर लागतो.

सहल कंपनीचं पॅकेज घेतलं तर त्यावर टीसीएस (विक्रीच्या वेळीच आगाऊ घेतला जाणारा आयकर) कापला जातो. आयकर विवरणपत्र भरताना तो परत मागता येतो, पण तोवर पैसे अडकून पडतात, हे बजेट करताना धरा.

खाणं, आणि बॅगेत काय न्यायचं नाही

नळाचं पाणी उत्तम आहे. घरची बाटली न्या, कुठेही भरा. दुकानातली बाटली किंवा कॅन घेतला तर त्यावर "पांत" नावाची अनामत असते, एक ते तीन क्रोनर. रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात टाकली की ती परत मिळते.

किराणा नेट्टो, रेमा १००० किंवा लिडलमधून आणा. तिथला काळसर राईचा पाव पोट भरतो आणि दही आपल्या तोंडाला चालतं. नोरेब्रोत फलाफलची दुकानं आहेत, शाकाहारी माणसाला तीच सर्वांत स्वस्त आणि गरम. "टू गुड टू गो" हे ॲप कोपनहेगनमध्येच २०१५ साली सुरू झालं; संध्याकाळी बेकऱ्या उरलेला माल कमी किमतीत देतात. आम्ही दोन संध्याकाळी त्यातूनच दुसऱ्या सकाळची न्याहारी आणली.

घरून काय न्यावं? पोहे, भाजणी, मेतकूट, डाळ-तांदळाची खिचडी मिसळून, कोरडी चटणी, चहा. सासूबाईंनी थालीपिठाची भाजणी घेतली आणि तिसऱ्या दिवशी पावसात बाहेर पडता आलं नाही तेव्हा तिथेच थालीपीठ लावलं. पण काही गोष्टी बॅगेत टाकू नका. युरोपीय संघाबाहेरून प्रवाशाने मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे, म्हणजे तूप, पेढे, बर्फी, श्रीखंड घरीच. बहुतेक ताजी फळं आणि पालाही प्रमाणपत्राशिवाय चालत नाही. आंबे नाहीत आणि कढीपत्त्याची जुडीही नाही. वाळवलेला, कुटलेला मसाला न्या.

आणि संयुक्त अरब अमिरातीमार्गे जाणार असाल तर खसखस! तिथे ती बंदी असलेल्या पदार्थांत मोडते. अनारसे आणि पुष्कळ घरची बाकरवडी यांत खसखस असते. घरात कुणी प्रेमाने डबा भरून दिला तरी आधी विचारा.

औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत.

शहर बघताना

पहिल्या दिवशी विमानतळावरच मेट्रो, बस आणि रेल्वे तिन्हींना चालणारा सिटी पास घ्या. विमानतळ धरून शहराचे मधले विभाग त्यात येतात. १२ वर्षांखालची दोन मुलं एका मोठ्या माणसाबरोबर मोफत जातात. मेट्रोला चालक नाही; २००२ साली सुरू झाल्यापासून ती तशीच धावते, आणि सगळ्यांत पुढच्या खिडकीशी बसून बोगदा बघायला मुलांनाच काय, आम्हालाही आवडलं. कोपनहेगन कार्ड मात्र तेव्हाच घ्या जेव्हा दिवसाला तीन-चार तिकीट असलेली ठिकाणं तुम्ही खरोखर बघणार असाल. ज्येष्ठांबरोबर एवढं होत नाही.

पैसे न देता बघण्यासारखं खूप आहे. क्रिस्तियान्सबोर्ग राजवाड्याचा मनोरा हा जुन्या शहरातल्या मनोऱ्यांत सर्वांत उंच, १०६ मीटर. वर जायला लिफ्ट आणि प्रवेश मोफत. रोझेनबोर्गच्या बागेत बसायचं, मग आमालियेनबोर्ग राजवाड्यापुढे दुपारी बाराला पहारेकऱ्यांची बदली बघायची. त्यांची तुकडी साडेअकराला रोझेनबोर्गहून चालत निघते. तिच्या मागोमाग जाणं म्हणजे जुन्या शहराची फुकट सहलच. नोरेब्रोतली आसिस्टेन्स दफनभूमी ही शांत बाग आहे, तिथे परीकथा लिहिणारा हान्स क्रिस्तियान आंदरसन विसावला आहे.

कालव्यांतून फिरवणाऱ्या पर्यटक-बोटीऐवजी बंदरातली पिवळी बोट-बस घ्या. ती सार्वजनिक वाहतुकीचाच भाग आहे, साधं तिकीट चालतं, आणि न्यूहाउन कालव्याकाठची रंगीत घरं पाण्यावरून तशीच दिसतात. लहान जलपरीचा १९१३चा पुतळा बघायला थोडं चालावं लागतं आणि तो खरंच लहान आहे. सासूबाईंना मी तिथे नेलं नाही, त्याऐवजी राउंड टॉवरला नेलं. १६४२ साली पूर्ण झालेल्या या मनोऱ्यात पायऱ्यांऐवजी वर चढत जाणारा गोल उतार आहे. शेवटच्या थोड्या पायऱ्या सोडल्या तर गुडघे दुखणाऱ्यालाही हळूहळू जमतो. तो बांधणारा राजा चौथा क्रिस्तियान. त्याच्याच काळात, १६२० साली, डॅनिश लोकांनी तमिळनाडूत तरंगंबाडीला बस्तान बसवलं आणि डॅन्सबोर्ग किल्ला बांधला, जो आजही उभा आहे. १८४५ साली त्यांनी ते ठाणं इंग्रजांना विकलं. मी हे सांगितल्यावर सासूबाई उतारावर थांबल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे हेही येऊन गेले तर आपल्याकडे."

बहुतेक संग्रहालयं पैसे देऊनच बघावी लागतात. एक-दोनच निवडा आणि सोमवारी जाऊ नका, बरीच बंद असतात. ऑक्टोबरच्या मध्यावर असाल तर एका शुक्रवारी होणारी सांस्कृतिक रात्र चुकवू नका, एका पासवर असंख्य संस्थांची दारं उघडतात.

सायकल भाड्याने घ्यायचीच असेल तर आधी एका शांत रस्त्यावर सराव करा. वाहतूक उजवीकडून चालते, आणि आपले डोळे सवयीने चुकीच्या बाजूला बघतात. थांबताना हात वर करायचा. पायी चालतानाही सायकलच्या पट्ट्यात पाऊल टाकू नका. तिथे लोक वेगाने येतात.

माल्मोसाठी एक दिवस. २००० साली खुला झालेला ओरेसुंद पूल गाडीतून ओलांडायचा, जुन्या चौकात फिरायचं, संध्याकाळी परत. पासपोर्ट बरोबर हवाच.

कपडे थरांचे न्या. जाड स्वेटर एकच पुरतो, पण वारा अडवणारं जाकीट आणि पाणी न शिरणारे बूट हवेतच. विकत घेण्याआधी नात्यात विचारा. पुण्यात ऑनसाइट जाऊन आलेला भाचा किंवा पुतण्या प्रत्येक घरात असतो आणि त्याचं जाकीट कपाटात पडून असतं.

परत येताना

युरोपीय संघातून सुटणाऱ्या विमानाला, कंपनी कुठल्याही देशाची असो, २६१/२००४ हा प्रवासी हक्कांचा नियम लागू होतो. कंपनीच्या चुकीने तुम्ही शेवटच्या ठिकाणी तीन तासांहून जास्त उशिरा पोचलात आणि अंतर ३,५०० किलोमीटरहून अधिक असेल, तर माणशी ६०० युरोंपर्यंत भरपाई मागता येते. वादळ किंवा तशाच हाताबाहेरच्या कारणांना सूट आहे, पण थांबावं लागलं तर खाण्याची आणि गरज पडल्यास राहण्याची सोय कंपनीनेच करायची असते. म्हणून बोर्डिंग पास फेकू नका, उशीर झाला तर फलकाचा फोटो काढा आणि काउंटरवर कारण लेखी मागा.

निघायच्या आदल्या संध्याकाळी उरलेल्या बाटल्या यंत्रात टाकून या, स्वयंपाकघरात उरलेला पाव आणि चीज विमानतळावरच्या न्याहारीसाठी बांधा, आणि मुंबईहून पुण्याच्या शिवनेरीची वेळ फोनमध्ये लिहून ठेवा. विमान उतरल्यापासून गाडीपर्यंत निदान अडीच तास धरा. सामानाच्या पट्ट्यावर बॅग येईपर्यंतच त्यातला एक तास जातो.